पूजेला बसलेला लॅपटॉप

कंपायलर नावाचा प्राणी आयुष्यात येईपर्यंत मी बऱ्यापैकी हुशार मुलगी होते. चिंचवडला सहा महिन्यांचा कोडिंगचा बूटकॅम्प केला, जावास्क्रिप्ट शिकले, सर्टिफिकेट आणलं. आईने ते लॅमिनेट करून टीव्हीशेजारी लावलं आणि आल्यागेल्याला सांगायला सुरुवात केली, "आमची वर्षाराणी सॉफ्टवेअरमधी हाय." नोकरी लागायच्या आधीपासून सांगत होती, म्हणून मला नोकरी लागणं भागच होतं.

जावास्क्रिप्टचं एक बरं असतं. ती कुणाला नाही म्हणत नाही. चूक लिहा, बरोबर लिहा, प्रोग्रॅम चालतो. पडद्यावर कुठे वाकडं दिसलं की तेवढं सरळ करायचं. बूटकॅम्पचे सर म्हणायचे, "आधी चालव, मग बघ." मी तसंच शिकले. आधी चालवायचं, मग बघायचं.

मग भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत नोकरी लागली, दिवाळीपर्यंत ट्रायलवर. आमच्या टीमच्या प्रमुख दीपमाला मॅडम. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "इथे सगळं काम रस्टमध्ये आहे. शिकावं लागेल. दिवाळीपर्यंत एक काम स्वतःच्या हाताने पूर्ण करून दाखव, मग पुढचं बोलू." पुढचं म्हणजे कायम करायचं की घरी पाठवायचं. घरी पाठवलं तर चाकणच्या एखाद्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर पॅकिंग लाइन, हे मला न सांगताही ठाऊक होतं. माझ्या दोन मैत्रिणी तिथेच आहेत.

घरी आल्यावर अप्पांना भाषेचं नाव सांगितलं. अप्पा म्हणजे माझे वडील, दत्तोबा. चाकणच्या वेगवेगळ्या प्रेस शॉपमध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली. ते म्हणाले, "रस्ट म्हंजी गंजच ना? आमी जलमभर गंज घासला, अन् पोरगी गंज शिकाया चाललीय." आणि पोट धरून हसले, डाव्या हाताने. उजवा हात पँटच्या खिशात होता. तो नेहमी खिशातच असतो. आमच्या घरच्या एकाही फोटोत अप्पांचा उजवा हात नाही.

आता रस्टचं सांगते. ह्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला की लगेच चालत नाही. आधी कंपायलर तो सगळा वाचतो. त्याला पटलं तरच पुढे चालण्यासारखी फाइल तयार करून देतो, नाहीतर लाल अक्षरांत नन्नाचा पाढा. ही वस्तू तुझी नाही. ही तू आधीच दुसऱ्याला दिलीस. ही दोघांनी एकदम धरली आहे, मला चालणार नाही. एक चूक काढावी तर तिच्या जागी दोन उभ्या राहायच्या. पहिले काही आठवडे मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत आले. बाकीच्यांना वाटायचं, हिला फार गरम होतंय.

खरी भीती वेगळीच होती. मला वाटायचं, मी प्रोग्रॅमर नाहीच. सहा महिन्यांत आणलेलं सोंग आहे, आणि त्या यंत्राने ते पहिल्याच दिवशी ओळखलं आहे.

मला मिळालेलं काम एका पॉवर प्रेसचं होतं. प्रेसखाली पत्रा ठेवायचा, प्रेस खाली येते, पार्ट तयार. पत्रा ठेवणारा हात वेळेत बाहेर आला नाही तर काय होतं, ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. प्रेसला प्रकाशाच्या पडद्याचं संरक्षण असतं, त्या प्रकाशात हात आला की प्रेस थांबते, पण प्रॉडक्शन वाढवायचं म्हणून तेच कुणीतरी बंद करून ठेवतं. म्हणून चाकणच्या एका प्रेस शॉपच्या मालकांना वरून आणखी एक डोळा हवा होता. कॅमेऱ्याने बघायचं, खाली हात दिसला की दिवा लाल आणि प्रेस जागच्या जागी बंद. हात नसेल तर हिरवा. हात ओळखणारा भाग माझ्या शेजारी बसणाऱ्या गोरक्षने केला होता. त्या भागाला शिकवायला लागणारे हातांचे फोटो मी जमवले होते. ऑफिसमधल्या सगळ्यांचे हात, शेजाऱ्यांचे, नेटवरचे, ग्लव्ह्ज घातलेले, तेलाने माखलेले, एक तर मेंदी काढलेला. कॅमेऱ्याकडून चित्र घेऊन गोरक्षच्या भागाला द्यायचं आणि दिवा लावायचा, हा प्रोग्रॅम माझा.

मालकांचं नाव लक्ष्मणराव. जुनं शेतकरी घराणं, रस्त्याकडेच्या वावरात शेड टाकून प्रेस शॉप काढलेलं. नवीन यंत्रणा दसऱ्याच्या मुहूर्तावरच सुरू करायची, असा त्यांचा हट्ट. आणि दसरा तोंडावर आला तरी माझं घोडं एका एररवर अडलं होतं.

एरर अशी होती: कॅमेऱ्याचा भाग ज्या चित्रावर नवीन चित्र लिहीत होता, तेच चित्र हात ओळखणारा भाग त्याच वेळी वाचत होता. एक लिहितोय, एक वाचतोय, चित्र एकच. कंपायलर म्हणे, चालणार नाही. मी गोल फिरून आले, उलटं लिहून पाहिलं, नावं बदलली. नाही म्हणजे नाही.

गोरक्षने एक दिवस डोकावून पाहिलं. "अगं, अनसेफ टाक आणि मोकळी हो, राव. चालतंय."

अनसेफ हा त्या भाषेतला एक शब्द आहे. तो घातला की कंपायलरला सांगता येतं, एवढ्यापुरता डोळा झाक, पुढची जबाबदारी माझी. दीपमाला मॅडमची ताकीद होती की त्यांना विचारल्याशिवाय तो वापरायचा नाही. पण खंडेनवमीला ऑफिसला सुट्टी होती आणि लॅपटॉप मी घरी आणला होता. मनात ठरवलं होतं, सकाळी गुपचूप अनसेफ टाकायचं, चालवून बघायचं. आधी चालव, मग बघ.

खंडेनवमीला सकाळी अंघोळ करून आले तर टेबल रिकामं.

"अप्पा, लॅपटॉप कुठाय?"

"पूजेला बसिवलाय."

पाटावर लाल फडकं अंथरून अप्पांनी विळा, कोयता, कुदळ मांडली होती. शेजारी त्यांची पान्यांची पेटी, मापं घ्यायचा जुना व्हर्नियर. मधोमध माझा लॅपटॉप, झाकणावर हळदकुंकवाची पाच बोटं आणि गळ्यात झेंडूची माळ. लॅपटॉपला गळा नसतो, पण अप्पांनी शोधला होता. कुंकवाची बोटं डाव्या हाताची होती.

"अप्पा, उद्या सकाळी मशीन चालू करायचंय. माझं काम राहिलंय!"

"राहूंदे. हत्यार पूजेला बसल्यावर उचलत न्हाईत. उद्या दसऱ्याला उचल."

"ते काय हत्यार आहे का?"

"तुझ्या पोटापान्याचं हाय न्हवं? मग हत्यारच."

मी चिडले. नको ते बोलले. माझी नोकरी गेली तर तुमचा व्हर्नियर भरवणार आहे का आपल्याला, असंही बोलले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. अप्पांनी आवाज चढवला नाही. त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि पाटाच्या कडेवर ठेवला. त्या हाताला मधली दोन बोटं नाहीत.

"हे कवा झालं, तुला ठावं हाय," ते म्हणाले.

ठाऊक होतं. मी लहान होते तेव्हाची खंडेनवमी. प्रेसची पूजा झाली होती, हार घातला होता, पेढे वाटून लोक घरी निघाले होते. सुपरवायझर म्हणाला, एवढा एक लॉट काढा, गाडी उभी आहे. हार काढून मशीन चालू केलं. संरक्षण आदल्या दिवशीपासूनच बंद होतं. आमच्या घरात ही गोष्ट कुणी सांगत नाही, पण खंडेनवमीला पूजेतल्या वस्तूला कुणी हातही लावत नाही. लोक त्याला अप्पांची देवभक्ती समजतात. अप्पा एरवी देवळाच्या पायरीपर्यंतही जात नाहीत.

राग गेला असं नाही, पण त्या हातासमोर वाद घालता येत नव्हता.

मग दिवसभर मी देव पाण्यात घालून बसले, आणि देव तर तिकडे लॅपटॉपपाशी. काहीच करता येत नव्हतं. आईबरोबर पुरण वाटलं, दारात रांगोळी काढली, आणि डोक्यात तो प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून आठवत राहिले. तोवर मी तो कधी नीट वाचलाच नव्हता. लिहायचा, कंपायलरपुढे टाकायचा, तो ओरडला की बदलायचा, एवढंच. आता ओरडायला कुणी नव्हतं, तेव्हा प्रत्येक ओळीला मलाच विचारावं लागलं, बाई, हे चित्र आत्ता कुणाकडे आहे?

आणि मग कळलं. एक भाग वाचत असताना दुसरा त्यावरच लिहितोय, म्हणजे अर्धं चित्र जुनं आणि अर्धं नवं. हात आत आलाय, पण त्या अर्ध्या चित्रात तो नाहीच. दिवा हिरवा. मी अनसेफ टाकलं असतं तर प्रोग्रॅम चालला असता, बहुतेक वेळा बरोबरही चालला असता. कंपायलर एवढे दिवस हेच सांगत होता आणि मला वाटत होतं, त्याचं माझ्याशी वैर आहे.

संध्याकाळी आरती झाली. मी ताट आईकडे दिलं, पण तंद्रीत. दिलं खरं, हातातून सोडलंच नाही. ताट मध्येच अडकलं आणि निरांजन कलंडलं.

"वर्षे, लक्ष कुठाय? एकीनं सोडल्याबिगर दुसरीला घ्याया येतं व्हय?"

मी ताट सोडलं, तिचं ओवाळून झाल्यावर परत घेतलं, आरती फिरवली, आणि अप्पांसमोर आले तेव्हा बहुधा हसत होते. दोघींनी एक ताट धरायचंच कशाला? कॅमेऱ्याने चित्र भरावं आणि देऊन टाकावं, सोडून द्यावं, स्वतःसाठी दुसरं कोरं घ्यावं. वाचणाऱ्याचं वाचून झालं की त्याने ते परत करावं. एका वेळी एकाकडेच. उत्तर तर मिळालं होतं. पण ते बरोबर आहे का हे सांगणारा माळ घालून बसला होता.

दसऱ्याला तांबडं फुटलं तसं अप्पांनी पुन्हा हळदकुंकू वाहिलं, दोन्ही हातांनी माळ उतरवली आणि लॅपटॉप माझ्या हातात दिला. मी तिथेच पाटासमोर मांडी घातली. डोक्यात लिहून ठेवलेलं सगळं उतरवलं आणि कंपायलरला दिलं. एकही एरर नाही. साधी सूचनाही नाही. मी ओरडले तशी आई धावत आली. तिला वाटलं शॉक बसला.

"पटलं त्याला!" मी म्हणाले.

"कुनाला?" आई म्हणाली, आणि तिने आधी माझी आणि मग लॅपटॉपची दृष्ट काढली.

दसऱ्याला बसचा भरवसा नाही, म्हणून अप्पांनीच मला गाडीवरून चाकणला सोडलं. रस्त्याच्या कडेला उभ्या ट्रकना माळा घातल्या होत्या, कंपन्यांच्या गेटला आंब्याच्या डहाळ्या. अप्पा बाहेरच थांबणार होते, पण लक्ष्मणरावांनी त्यांना ओळखलं; चाकणच्या प्रेस शॉपमधली जुनी माणसं एकमेकांना ओळखून असतात. "अरं दत्तोबा, पोरगी तुझी व्हय? आत ये की!" अप्पा उजवा हात खिशात घालून आत आले.

दीपमाला मॅडम आणि गोरक्ष आधीच पोहोचले होते. मॅडमनी माझा प्रोग्रॅम उघडून शांतपणे वाचला. "अनसेफ कुठे नाही," त्या म्हणाल्या. "चांगलं लिहिलंयस." एवढं मोठं कौतुक त्यांनी कुणाचं केल्याचं मी ऐकलं नव्हतं. गोरक्षने डोळे मोठे केले.

प्रेसची मोटर बंद ठेवून आधी नुसता दिवा तपासायचा होता. काठीला ग्लव्ह घालून आत सरकवला, लाल. गोरक्षने हात घातला, लाल. लक्ष्मणरावांनी अंगठ्या घातलेला हात घातला, लाल. टाळ्या पडल्या. गुरुजी नारळ घेऊन पुढे झाले, कामगार हात जोडून रांगेत उभे राहिले. मला वाटलं, झालं. कायम झाले.

तेवढ्यात अप्पा प्रेसजवळ आले. "बघू तरी पोरीनं काय केलंय," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि कॅमेऱ्याखाली धरला.

दिवा हिरवा राहिला.

त्यांनी हात पालथा केला. हिरवा. थोडा आत सरकवला. हिरवाच. बाकी सगळे नारळाकडे बघत होते. अप्पांनी दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हात पुन्हा खिशात घातला.

मी त्यांच्याजवळ गेले.

"ऱ्हाऊंदे," ते हळूच म्हणाले. "माझा हात आता कुठं प्रेसवर जातोय? तुझं काम झालंय. बोलू नको."

खंडेनवमीला लॅपटॉपला बोट लावू न देणारा माणूस हे म्हणत होता, माझ्यासाठी. मला रडू आलं आणि त्याहून जास्त लाज वाटली. जिथून मिळतील तिथून हात गोळा केले होते मी. घरातला एक हात मागायचं मनातसुद्धा आलं नव्हतं. तो दिसायचाच नाही, मग मीही बघायचं सोडलं होतं. आणि कंपायलरची ह्यावर काहीच तक्रार नव्हती. हात म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

गुरुजींचा मंत्र सुरू झाला. मी रांगेकडे पाहिलं. जोडलेले हात. एकाचा अंगठा अर्धा. त्याच्या पलीकडच्याची करंगळी नाही. कोपऱ्यातला एक जण जोडलेले हात खाली, पोटाशी धरून उभा होता, म्हणजे फारसे दिसू नयेत. उद्यापासून हेच हात ह्या दिव्याच्या भरवशावर आत जाणार होते.

"थांबा," मी म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. मग ओरडले, "थांबा! नारळ फोडू नका!"

लक्ष्मणरावांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "पोरी, शुभ कामात असं बोलत्यात व्हय? काय झालं?"

"हे चालू करता येणार नाही. ह्याला सगळे हात दिसत नाहीत."

"आत्ता तर दिसले की!"

मी अप्पांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. सांगायचं तर मला त्यांच्याकडे बोट दाखवावं लागलं असतं, सगळ्यांसमोर, त्यांनी इतकी वर्षं झाकलेल्या गोष्टीकडे. ते माझ्याने होईना. मी नुसती उभी राहिले. दीपमाला मॅडम माझ्याकडे रोखून बघत होत्या, आणि मला पॅकिंग लाइन दिसायला लागली.

मग अप्पाच पुढे आले. खिशातून हात काढला, बाही कोपरापर्यंत सारली आणि कॅमेऱ्याखाली ठेवला. सगळ्यांनी दिवा पाहिला. हिरवा.

गोरक्षची मान खाली गेली.

"मुहूर्त..." लक्ष्मणराव पुटपुटले, पण त्यांची नजर रांगेवर गेली आणि तिथेच थांबली.

"दसरा हाय, लक्ष्मणराव," अप्पा म्हणाले. "दसऱ्याचा आख्खा दिस मुहूर्तच आसतो. घाई कुनाला हाय? माझ्या टायमाला बी घाईच हुती." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वर्षे, उभी काय राहिलीस? फोटू काढ."

मी मोबाइल काढला. प्रेसच्या सावलीत पहिला फोटो काळाच आला. दीपमाला मॅडमनी बाजूचा दिवा ओढून उजेड नीट केला आणि गोरक्षला म्हणाल्या, "लॅपटॉप इथेच मांड. हात ओळखणारा भाग परत शिकवायला घे." मग मला म्हणाल्या, "काढ तू. आज तपासू, उद्या तपासू. पटेल तेव्हा चालू करू. आणि हे काम तूच पूर्ण करायचंयस."

दुसरा फोटो नीट आला. अप्पांचा उजवा हात, प्रेसच्या पत्र्यावर उताणा, बोटांच्या जागी दोन गुळगुळीत खुंट, तळव्यावर सकाळची हळद.

अप्पा बाजूला झाले. मग कोपऱ्यातला तो माणूस, पोटाशी हात धरून उभा होता तो, पुढे आला आणि त्याने विचारलं, "ताई, माझाबी लागंल का?"

"लागेल," मी म्हणाले.

त्याच्यामागे रांग लागली.